फणीतल्या गाठी

ती घटना मी विसरायचा बराच प्रयत्न केला, पण जमलं नाही. मोगलाईचे दिवस. आपल्या जिल्ह्याच्या सरहद्दीवर विणकरांचं एक लहान गाव होतं, तिथल्या ठाण्याचा मी अमीन, म्हणजे फौजदार. ओढ्याअलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं इंग्रजांचं. सूत इकडं येई, लुगडी तिकडं जात, आणि मी जांभया देई.

एका बाजाराच्या दिवशी म्हाताऱ्या विणकराच्या मागावरचं लुगडं कुणीतरी कापून नेलं. विणून झालेलं, फक्त उतरवायचं राहिलेलं. नाक्यावरच्या शिपायानं खबर आणली, की सूत आणणारा गाडीवान त्या घरातून निघताना दिसला. त्याला हवालातीत घातलं. सूत टाकायला गेलो, घरात कुणी नव्हतं, एवढीच त्याची जबानी. गुन्हा शाबीत झाला तर नाका ओलांडायचा परवाना जाणार, आणि त्याची रोजीरोटीही.

पंचनाम्याला मी मिशा पिळतच गेलो. लुगडं कापलेलं, पण मागाच्या फणीत, म्हणजे ताण्याचे उभे धागे ज्यातून ओवतात त्या चौकटीत, राहिलेली धाग्यांची टोकं झुबक्याझुबक्यानं गाठी मारून नीट ठेवलेली. या तुम्ही मारल्या का, असं मी म्हाताऱ्याला विचारलं.

"न्हाय, साहेब. टोकं निसटू न्हायत म्हणून मारत्यात. निसटली तर समदे धागे पुन्हा ओवा."

बोलता बोलता त्याची नजर भिंतीकडं गेली; अशा गाठी विणकराशिवाय कोण मारणार? भिंतीपलीकडं त्याच्या धाकट्या भावाच्या मागाची खटखट चालू होती, ती थांबली.

धाकट्याला ठाण्यात आणलं. दरडावणी, येरझाऱ्या, छडी, माझं सगळं नाटक तयार होतं. त्याची गरजच पडली नाही. चहा दिला आणि गाठी का मारल्यास, एवढंच विचारलं.

तो बोटांकडं बघत राहिला. "व्यापारी दादाचंच लुगडं मागायचा. म्हणून लुगडं चोरलं, साहेब. पण दादाचा माग कशाला बंद पाडू?"

लुगडं त्याच्या कडब्याच्या गंजीत मिळालं. गाडीवान सुटला, परवानाही राहिला. म्हाताऱ्यानं फिर्याद मागं घेतली आणि उलट मलाच म्हणाला, "नुसतं गाडीवानाला सोडायचं हुतं. इतक्या खोलात कशाला गेलात?"

चोरानं काय नेलं यापेक्षा काय जपून ठेवलं, हे बघायला मी तिथं शिकलो. त्या शिकवणीनं पुढं बरेच गुन्हे उलगडले. उलगडल्यावर खूश झालेली माणसं मात्र फार थोडी बघितली.

फिर्याद मिटल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या घरावरून गेलो, तर म्हातारा त्याच गाठी सोडून नवा ताणा सांधत होता. भिंतीपलीकडचा माग बंद होता.