फिरकीच्या तांब्यातलं कॉकटेल

संस्थान विलीन झालं आणि पाठोपाठ दारूबंदी आली. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला आल्या. माझे सासरे, मामंजी, दरबारच्या पाहुण्यांच्या बंगल्यावर आबदार होते. म्हणजे साहेबलोकांची पेयं बनवून देणारे. बंगला बंद झाला आणि मामंजी ओसरीवर बसून येणारी-जाणारी माणसं बघू लागले.

गंमत अशी, की जन्मभर लोकांना पाजणाऱ्या या माणसाने स्वतः कधी जिभेला थेंब लावला नव्हता. "आबदारानं चाखायचं न्हाय आनि बसायचं न्हाय," हा त्यांचा नेम. पेला देऊन दोन पावलं मागे सरायचं आणि पाहुण्याच्या चेहऱ्यावरून काय ते ओळखायचं.

त्यांच्या चिरंजीवांचं, म्हणजे आमच्या यजमानांचं, सगळंच उलटं. दिवसभर गुळाच्या अडतीवर राबायचे आणि दिवेलागणीला पाय वळायचे ते ओढ्यापलीकडच्या हातभट्टीकडे. बंदीआधी कधीमधी घेणारा माणूस बंदीनंतर रोज घ्यायला लागला. त्या भट्टीची दारू पिऊन आमच्याच पेठेतल्या एकाचे डोळे गेले होते. मी घाबरले होते, आणि त्याहून जास्त चिडले होते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. शेवटी एकदा मामंजींनाच म्हटलं, "साऱ्या दुनियेला पाजलंसा, आता ह्यास्नी घरात धरून ठेवंल असं कायतरी करा की!"

मामंजी उठले आणि फळीवरचा पितळी, पिळून बसवायच्या झाकणाचा फिरकीचा तांब्या काढून चिंचेने लखलखीत घासला.

बंगल्यावर एकदा अमेरिकेचा साहेब उतरला होता. त्यांच्याकडेही मागे अशीच बंदी होती म्हणे. तेव्हा लोक घरीच चोरून गाळलेल्या दारूत लिंबू आणि मध घालायचे, म्हणजे वास झाकला जायचा. "आपुन दारूच वगळायची," मामंजी म्हणाले. राधानगरीकडचा मध त्यांनी कोमट पाण्यात सैल केला, लिंबू पिळलं, आल्याचा रस घातला आणि घशाला चटका हवा म्हणून चार मिरे ठेचून टाकले. सोड्याच्या दुकानातून गोणपाटात गुंडाळून आणलेला बर्फ फोडून आत घातला, फिरकी आवळली आणि तांब्या पंच्यात धरून खांद्याजवळ असा घुसळला, की शेजारीण काय झालं म्हणून डोकावली. मग मलमलीतून गाळून पेल्यात. मी चाखलं. खरं सांगते, तसं पेय मी पुन्हा कुठे प्याले नाही.

यजमान आले. मामंजींनी पेला पुढे केला आणि दोन पावलं मागे सरून उभे राहिले. यजमानांनी तो उभ्या-उभ्या रिकामा केला, "चांगलंय" म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संत्र्याचा रस आणि लिंबू. ब्रँडी घालून मडमांना तेच द्यायचे म्हणे. मग काकवी आणि पुदिना. मग माझ्या हट्टापायी ठेचलेली हिरवी मिरची, तिने तर मलाच ठसका लागला. मामंजींची कला दिवसेंदिवस रंगात येत होती आणि माझा नवरा दिवसेंदिवस पेला संपवून निघून जात होता. मामंजींचा चेहरा पडायचा. मला दोघांचाही राग यायचा.

एका संध्याकाळी मी दारातच आडवी उभी राहिले. "एवढं म्हातारं मानूस रोज तुमच्यासाठी राबतंय. काय कमी पडतंय त्यात, सांगा तरी!"

यजमानांनी भरलेला पेला तसाच खाली ठेवला. मग वडिलांकडे न बघता म्हणाले, "आबा, तुमी साहेबाला दिल्यागत देतासा. हात बांधून उभं ऱ्हातासा. बापाला उभं करून पोरानं कसं बसून प्यायचं? भट्टीवर निदान कोनतरी शेजारी बसतंय की."

मामंजींचे हात खरोखरच बांधलेले होते. त्यांनी ते बघितले आणि सोडले. मग सावकाश, गुडघ्यावर हात टेकत, घोंगड्यावर बसले आणि मुलाला शेजारी बसवलं. त्यांना काही चाखताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मुलाच्या पेल्यातला एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"लई ग्वाड झालंय की रं! रोज हेच देत हुतो व्हय तुला?"

यजमान हसले, आणि मामंजीही. त्या घरात आल्यापासून बापलेकांना एकत्र हसताना मी ऐकलं नव्हतं. मला रडू आलं, म्हणून मी लिंबू आणायला आत गेले.

त्यानंतर यजमान भट्टीवर कधी गेलेच नाहीत, असं लिहिलं तर खोटं होईल. गेले, अधूनमधून. पण दिवे लागले की मामंजी दोन पेले भरून घोंगड्यावर बसून राहायचे, आणि यजमान येईपर्यंत आपल्या पेल्याला हात लावायचे नाहीत.