पाठीवर तांदूळ

सौदीतल्या अल-खोबरच्या समुद्रकाठी त्या बाई रोज संध्याकाळी पाठीवर सॅक घेऊन झपझप चालायच्या. रत्नागिरीकडच्या, साठी ओलांडलेल्या, इथं मुलाकडे आलेल्या. सॅकमध्ये तांदूळ भरलेले. कशाला, असं मी एकदा विचारलं.

"ओझ्याची सवय करते. ओस्लो, स्टॉकहोम एकटीनं फिरायचंय. म्युझियमं बघायचीत."

"मुलगा काय म्हणतो?"

"हरवशील म्हणतो. विचारायला तोंड आहे ना मला!"

दोनेक महिन्यांनी, तिकडे फिरून आल्यावर, त्या पुन्हा दिसल्या. पाठीवर पुन्हा तांदूळ. काय आवडलं, मी विचारलं.

"स्टॉकहोमला बुडालेलं जहाज वर काढून मांडलंय. लोक कौतुकानं बघतात. आमच्या घरात अब्बांच्या बुडालेल्या होडीचं नावसुद्धा कुणी घेत नाही." त्यांनी सॅकचे पट्टे आवळले. "रहमत. तिथं जहाजासमोर उभी राहून ते नाव मोठ्यानं घेतलं मी."