अडून बसलेला चिंचोका

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमचं बौद्ध घर, गंडा-दोरा उंबरठ्याच्या आत कधी आला नाही. त्यात मी ढाणकीला बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवते. कोणी भुताखेताचं काढलं की मी सरळ उठून जाते. तरी हे लिहिते आहे...

गेल्या वर्षी मला थायरॉइडचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग उरल्यासुरल्या पेशी जाळायला नागपूरला रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीनचा डोस. त्या दिवसांत चार वर्षांच्या पोरीला जवळ घ्यायची मनाई. ती दाराबाहेर रडायची, मी आत. सहा महिन्यांनी स्कॅन झाला — आत काही उरलंय का, ते त्यात कळणार होतं. रिपोर्ट आणायला मिस्टर नागपूरला गेले अन् मी कॉलेजात आले. घरी बसले असते तर वेड लागलं असतं. कॉलेजात मी 'गळ्याची साधी गाठ' एवढंच सांगितलं होतं.

दुपारचा तास, अन् विषय नेमका रेडिओअ‍ॅक्टिव्ह अणूंचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू संपायला लागणारा वेळ! तो मी दरवर्षी चिंचोक्यांनी शिकवते. शंभर फोडलेले चिंचोके सुपात घोळून टाकायचे. पांढरी बाजू वर आली की त्या अणूचा क्षय झाला, काढा बाजूला. काळे पुन्हा टाका. दर फेरीला साधारण निम्मे उरतात. पण कोणता कधी जाईल, हे कोणीच सांगू शकत नाही.

सातव्या फेरीला एकच उरला. आठवी... काळा. नववी... काळा. दहावी, अकरावी — काळाच. पोरं बाकांवर चढली.

"मॅडम, हा तं अडून बसला!"

"टिक रे बापा, टिक! जाऊ नोको!" शेवटच्या बाकावरची प्रणाली सगळ्यांत मोठ्याने ओरडून राह्यली होती.

बारावी फेरी. काळा. सगळे गेले अन् एक उरला... डोक्यात दुसरं काही येईचना. अख्खा वर्ग त्याने टिकावं म्हणून ओरडत होता, अन् मी, फिजिक्सची मास्तरीण, मनातल्या मनात एका चिंचोक्याच्या हातापाया पडत होते — जा ना रे, जा एकदाचा! लाज वाटत होती, पण थांबता येत नव्हतं. विसावी फेरी. काळा.

एकविसाव्या फेरीला तो पांढरा पडला. पोरं हिरमुसली. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

"ऐकून राह्यली का? रिपोर्ट आत्ताच हाती आला. काहीच नाही उरलं. साफ आहे सगळं!"

मी त्यांना तीनदा सांगायला लावलं. मग खुर्चीत बसून वर्गासमोर ढसाढसा रडले, अन् पोरांना सगळं सांगून टाकलं.

घरी येऊन आकडेमोड केली. एकटा उरल्यावर सलग तेरा वेळा काळा... आठ हजारांत एखादवेळी होतं. मान्य. तोच चिंचोका नंतर दोनशेदा टाकला, निम्म्या वेळा पांढरा. पण तो त्याच दिवशी का अडला, अन् फोनच्या तोंडावरच का पालटला? याचं उत्तर आजही माझ्यापाशी नाही. तुमच्यापाशी असेल तर सांगा, पण उगाच देवाधर्माचं शिकवू नका.

एक राहिलंच. तास सुटला, पोरं गेली, पण प्रणाली दारातच उभी. डोळे लाल.

"माफ करा मॅडम," ती म्हणाली, "मले मालूम असतं तं म्या पांढराच मागतला असता ना."