मंगळवारचं हाउसफुल्ल

थेटरात जाऊन तुम्ही शेवटचा सिनेमा पाहिलात, तो कोणत्या वारी?

आठवत नसेल. सिनेमा आठवतो, सोबत कोण होतं ते आठवतं, वार कोण लक्षात ठेवतं? आमच्या वस्तीनेही सिनेमाच्या वाराला कधी किंमत दिली नव्हती. आता माझी आत्या तो वार विसरत नाही, आणि मलाही विसरू देत नाही.

आमचं गाव कळमनुरी तालुक्यात, डोंगरकड्याच्या अलीकडे. आत्या हळदीच्या टोळीत काम करते. टोळीत आमच्या बौद्ध वस्तीतल्या बाया आहेत आणि पलीकडच्या तांड्यावरच्याही. टोळी आख्ख्या शेताचं काम एकदम अंगावर घेते आणि ते उरकेपर्यंत कोणी घरी राहत नाही, कारण एकीचं राहिलेलं काम दुसरीच्या कमरेवर येतं. सुट्टी फक्त बाजाराच्या दिवशी. आमचा बाजार मंगळवारी.

एका हंगामात बाहेरून काही तरुण पोरं सिनेमा काढायला आली. वारंगा फाट्यावरच्या लॉजमध्ये उतरायची आणि सकाळी कॅमेरे घेऊन शेतात यायची. त्यांना हळद वेचणाऱ्या बाया हव्या होत्या. प्रसंग साधा होता. मालकाचा माठ सावलीत, मजुरांचा उन्हात, आणि एक म्हातारी बाई मालकापुढे उभी राहून काहीतरी बोलते. ते बोलणं त्यांनी कागदावर लिहून आणलं होतं. आत्याला वाचता येत नाही, म्हणून मी तिला ते दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "असं कोण बोलतं गं? हे तर भाषण हाय."

कॅमेरा सुरू झाल्यावर तिने टोपलं खाली ठेवलं, मालक झालेल्या माणसाकडे बघितलं आणि म्हणाली, "हळद माझ्या हातची चालती, मंग पाणी काहून न्हाई?"

एवढंच. मालक झालेला नट पुढचं वाक्य विसरला. कॅमेरा कितीतरी वेळ तिच्या तोंडावर तसाच राहिला. सिनेमा काढणारा पोरगा नंतर तिच्याजवळ येऊन म्हणाला, "आत्या, हेच ठेवणार."

त्या दिवसापासून तिला एकच घोर लागला. ते वाक्य खरंच ठेवलं का? आणि ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी, मोठ्या पडद्यावर बघायचं होतं. मोठाच पडदा का, तर तिला काचबिंदू आहे. उजवा डोळा गेलेला. डाव्याचं डॉक्टरांनी सांगितलंय की औषध घालत राहा, आहे तेवढं टिकवू, गेलेलं परत येणार नाही. मोबाइलमध्ये तिला नातवाचं तोंड ओळखू येत नाही. आवाजावरून ती अंदाज बांधते आणि "गोड दिसून राहिला" म्हणते.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती, बाबांच्या पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे होते. गायरानाची, शिष्यवृत्तीची, मोर्च्याची, जयंतीची. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्यांच्यावर. प्रत्येक पत्रकाचा शेवट ठरलेला असायचा, की बहुसंख्येने उपस्थित राहावे. लहानपणी मला वाटायचं, बहुसंख्येने हे कुणा मोठ्या माणसाचं नाव असावं, जिथे तिथे सही करतो. पुढे त्याचा अर्थ कळला आणि तो आमच्या हाडात उतरला. एकट्याने तहसीलदारासमोर उभं राहिलं की तो मान वर करत नाही. सगळी वस्ती उभी राहिली की खुर्ची मागे सरकते. आम्ही जे काही मिळवलं ते असं, सगळे मिळून, एका दिवशी, एका ठिकाणी.

सिनेमा तयार व्हायला दोन वर्षं गेली. मग ऐन हळदीत त्या पोराचा फोन आला. हिंगोलीच्या एका दोन पडद्यांच्या थेटरात दुपारचा एक खेळ मिळाला होता. "शुक्रवारी लागतोय," तो म्हणाला, "पहिले तीन दिवस फार महत्त्वाचे आहेत, आत्यांना सांगा." वाक्य ठेवलंय, हेही त्याने सांगितलं. मी ते आत्याला सांगितलं तर म्हणाली, "सांगणं येगळं, बघणं येगळं."

त्याआधीच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर विषय निघाला. टोळीने नुकतंच एक मोठं शेत अंगावर घेतलं होतं. शुक्रवारी कोणी निघू शकत नव्हतं. एकीने सुचवलं, की ज्यांचं हळदीत काम नाही त्यांनी तरी शुक्रवारी जावं, टोळी मंगळवारी जाईल. बाबांनी मान हलवली. "तुकड्यातुकड्यानं जायचं न्हाई. चार माणसं गेली तर कोन पुसतं? मंगळवारी दोन गाड्या भरून गेलो तर थेटरवाला बी उभा ऱ्हाईल."

"मंग गाडीचं काय?" कुणीतरी विचारलं.

"माही पिकअप हाय ना," माझा भाऊ म्हणाला. "पर मी शुक्रवारी त्याच थेटरात दुसरा सिनेमा बघणार. तोबी त्याच दिवशी लागून राहिला."

"आत्याचा सोडून?"

"आत्याला तर मी रोजच बघतो."

बाया हसल्या, आत्याही हसली. सगळ्यांना बाबांचं पटलं. मी पत्रक लिहिलं, आणि खाली सवयीने तीच ओळ आली. पत्रक तांड्यावरही गेलं.

भावाचा तो दुसरा सिनेमा म्हणजे देशभर गाजावाजा झालेला. महिनाभर आधीपासून त्याच्या मोबाइलवर आकडे यायचे. आगाऊ तिकिटं किती, पहिल्या दिवशी किती जमणार, कुणाचा विक्रम मोडणार. सिनेमात काय आहे हे त्याला माहीत नव्हतं, पण तो किती कमावणार हे तोंडपाठ. शुक्रवारी गावातली पोरं ढोल घेऊन हिंगोलीला गेली. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याने सकाळचा आख्खा खेळ विकत घेऊन कार्यकर्त्यांना फुकट दाखवला, आणि तेही त्या विक्रमातच जमा झालं. संध्याकाळी भाऊ ओरडून आवाज बसलेला घरी आला.

"आपल्या सिनेमानं सगळं मोडलं," तो म्हणाला.

"तुझा काय हिस्सा त्यात?" मी विचारलं.

"तुला आनंदच पाहवत न्हाई कुणाचा. समदं पत्रकासारखं बघती."

आत्या बाजूला बसून औषधाचा थेंब डोळ्यात घालून घेत होती. तिने मिटल्या डोळ्यांनी विचारलं, "माह्या सिनेमाला माणसं होती का रे?"

त्याने मोबाइल खिशात घातला. "तिकडं गेलोच न्हाई, आत्या."

मंगळवारी दोन गाड्या भरल्या. बायांनी जयंतीला नेसायच्या पांढऱ्या साड्या नेसल्या होत्या, तांड्यावरच्या बायांनी चांदीचे दागिने घातले होते. नखं मात्र सगळ्यांची पिवळी. भाकरी बांधून घेतल्या होत्या. रस्ताभर आत्याची चेष्टा चालली. एक म्हणाली, "आता हिरोइन झाल्यावर टोपलं कोन उचलंन?" आत्या म्हणाली, "तूच. मी बघून ऱ्हाईन."

थेटराच्या भिंतीवर तो मोठा सिनेमा होता. खाली, वरून डकवलेल्या कागदाच्या कडेला, आमच्या सिनेमाच्या पोस्टरची एक पट्टी उरली होती. पट्टीत हळदीचं रान दिसत होतं.

तिकीटखिडकीशी थेटराचा मॅनेजर होता. थकलेला, उर्मट नव्हता. "तो काढला, बाई. रविवारीच काढला."

"आमी तर आज आलो," आत्या म्हणाली.

"शुक्रवारी रिकामं होतं. शनवारी रिकामं. एकटा माणूस बसला तरी पंखे, मशीन चालवावंच लागतं. तिकडं मोठ्याला माणसं दारात उभी, आन मोठ्या सिनेमाची अटच असती, जेवढे खेळ मोकळे होतील तेवढे आमाला द्या." तो बायांकडे बघत राहिला. बहुधा इतक्या बाया तो पहिल्यांदाच बघत असावा. "तुमी शुक्रवारी कुठं होत्या?"

"हळदीत," आत्या म्हणाली.

त्याने तिच्या पिवळ्या नखांकडे बघितलं. मग म्हणाला, "वरून फोन येतो, शुक्रवार कसा गेला? मंगळवार कोनी पुसत न्हाई."

"आता आलो हाओत ना. लावा की," तांड्यावरची एक बाई म्हणाली.

"माह्याकडं ठेवलेला नसतो तो, मावशी. वरून कंपनीनं बंद केला की झाला."

मी त्याच्याशी भांडले. माझ्या अंगात जेवढी पत्रकं होती तेवढी त्याच्यावर काढली. लोकांचा सिनेमा, लोकांचं थेटर, सगळं. तो ऐकून घेत होता. बाबा गाडीला टेकून उभे होते. मोर्च्यात त्यांना कधी मी असं उभं पाहिलं नव्हतं. माणसं आणली होती, सगळी एकदम आणली होती, आणि समोर त्यांना मोजणारं कुणी नव्हतं. मोजणी रविवारी संपली होती.

बाया उन्हात उभ्या होत्या. भावानेच मग विषय काढला, हळू आवाजात. "आलातच तर तो बघून घ्या. तिकिटं हायेत."

मी म्हणाले, कोणी जायचं नाही. दोघीतिघींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची वर्षातली ही एकच सफर होती. त्यातल्या एकीने उभ्या आयुष्यात थेटर पाहिलं नव्हतं. आत्याने माझा दंड धरला. "मी आणल्या त्यांला. अशाच कशा वापस नेऊ?" आणि ती पुढे झाली. तिच्यामागे सगळ्या गेल्या.

मी आणि बाबा पायऱ्यांवर बसलो. आतला आवाज भिंतीतून येत होता. बाबा एकदाच बोलले. "समोरच्याचा कायदा काय हाय, ते आधी पुसायला पायजे होतं." भाकरी सोडायची आठवण आम्हाला झाली नाही.

बाया बाहेर आल्या तेव्हा काही हसत होत्या, काहींचं डोकं धरलं होतं. आत्या शेवटी आली, एकीच्या खांद्याला धरून.

"कसा होता?" मी विचारलं.

"आवाज होता."

गाडीत ती माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, "लई मोठं दिसतं गं तिथं. त्या हिरोच्या डोळ्यातलं पाणी बी मला दिसलं. ह्या डोळ्यानं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "माहं तोंड केवढं दिसलं असतं?"

मी भाकरी सोडली आणि तिच्या हातात दिली.

बुधवारी सकाळी भावाच्या मोबाइलवर बातमी आली. मोठ्या सिनेमाने आणखी एक विक्रम केला होता, कामाच्या वारीसुद्धा गर्दी हटत नाही, मंगळवारीही हाउसफुल्ल. त्याने ती मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. त्या मंगळवारी हिंगोलीच्या खुर्च्यांमध्ये कोण बसलं होतं, ते त्याला माहीत होतं. आमची आख्खी टोळी त्या आकड्यात गेली. ज्या सिनेमाने आत्याचा खेळ घालवला त्याच्याच नावावर आत्याचं तिकीट जमा आहे.

तो विक्रम पुढे दुसऱ्या एका सिनेमाने मोडला. आता भाऊही त्याचं नाव काढत नाही. आत्याचा सिनेमा परत कुठेच लागला नाही. सिनेमा काढणारा पोरगा म्हणतो, कधीतरी मोबाइलवर येईल. आत्या म्हणते, "मोबाइलात मी तिळाएवढी. मलाच मी दिसायची न्हाई." डाव्या डोळ्यासमोर आता कडेने काळं येत चाललंय. ती हळद वेचते ती बोटांनी चाचपून.

सगळे मिळून जाण्यावर माझा अजून विश्वास आहे, तहसीलवर आम्ही अजून तसेच जातो. पण थेटराचा कायदा वेगळा आहे आणि तो आम्हाला कुणी सांगितला नव्हता, म्हणून मी तो तुम्हाला सांगते आहे. तुमच्या गावातल्या थेटरात एखाद्या अडनिड्या वेळी, एकच खेळ मिळालेला, कुणाचंही मोठं नाव नसलेला सिनेमा लागला, तर तो शुक्रवारी बघा. सोबत मिळायची वाट बघू नका, मंगळवारची तर नकोच. त्यात कुणाची तरी आत्या असेल, आणि ती त्या दिवशी कामावर असेल. तिच्या वाटची खुर्ची तेवढी धरून ठेवा. बहुसंख्येने नाही जमलं तरी चालेल, एकटे जा.