निरोगी म्हणून दिलेलं रक्त

अगं पोरी, जवळ धरून वाच. माझं पत्र नुसतं चाळतेस तू. म्हसावदला तपासणीसाठी रक्त घ्यायला येणारा तो बुटका माणूस प्रत्येक प्रश्न दोनदा विचारतो, आणि सुई टोचताना स्वतःच ‘आई गं’ म्हणतो. रक्ताच्या रिपोर्टवर निरोगी कुणाला म्हणायचं ते माप परमुलखातल्या माणसांवरून ठरलेलं. इथल्या निरोगी माणसांवरून आपलं ठरवायचं, म्हणाला.

“माय, गोळ्या चालू शेतस का?”

गल्लीतल्या बाया बघत होत्या. रोज साखरेच्या आजाराची गोळी घेणारी मी दोन्ही वेळा म्हटलं, “काहीच नही!”

मग उमगलं, माझ्या रक्तावरून उद्या एखाद्या आजारी बाईलाही निरोगी ठरवतील. दुसऱ्या दिवशी जाऊन खरं सांगितलं. त्यानं माझ्या रक्ताची नळी बाजूला काढली.

“मन्हीच चूक, माय. चार बायास्मा इचारं मी.”

चारचौघींत विचारल्याचा दोष स्वतःवरच घेतला; रागावला असता तर बरं होतं गं. लवकर ये. मी गोळी घेते हे गल्लीतल्या त्या बायांना अजून सांगायचंय. एकटीला धीर होत नाही.