बैठकीतला तांब्या

आमच्या हळद पिकवणाऱ्यांच्या गटाची बैठक महिन्यातून एकदा समाजमंदिरात भरते आणि तिचा अध्यक्ष मी आहे. शाळा मी दुसरीतच सोडली. तरी अध्यक्ष मी, कारण गटात शिकलेले दोघं आहेत आणि त्यातल्या एकाला केलं की दुसरा रुसतो. मला केलं तेव्हा दोघं सारखेच रुसले. काम भागलं.

त्यातले एक रिटायर गुरुजी. पाइपलाइन कुठून न्यायची एवढं विचारलं तरी ते स्वातंत्र्यापासून सुरू करतात. दुसरा रिटायर कंडक्टर. त्याचं बोलणं वारंगा फाट्यावरून निघालं की वसमतला पोचेपर्यंत दर थांब्यावर उभं राहतं, आणि चढलेला माणूस उतरायचं नाव घेत न्हाई. मग चहा येतो, माणसं उठतात, आणि ज्याच्यासाठी जमलो ते तसंच राहून जातं.

आता मोठ्या माणसाला गप बसा कसं म्हणावं? म्हणलं तर तो बैठकीत गप बसेल, पन पारावर बसून वर्षभर माझी कातडी सोलेल. मी युक्ती काढली. माझ्या खुर्चीशेजारी माठ अन् तांब्या ठेवला. कोणी रस्ता सोडला की मी उठायचं, तांब्या भरायचा, दोन्ही हातांनी पुढं करायचा. “गुरुजी, घसा सुकला असंल. घ्या, पाणी घ्या.”

तांब्या सगळ्यांचा एकच, म्हणून पाणी वरून प्यायचं. मान मागं, तोंड उघडं, डोळे पंख्यावर. बोलायला गेलं की सदरा भिजतो. तेवढ्या वेळात मी दुसऱ्याला म्हणायचं, “हं, तुमी सांगा, पाइपलाइन कुठून?”

नको कोणी म्हणत नसे. एका काळी आमच्या हातचं पाणी या गावात कोणी घेत नव्हतं. आता चारचौघांत नको म्हणलं तर काहून नको, ते सांगावं लागतं. ते कोण सांगणार? गुरुजी बराबर पीत. एकदा तर त्यांनी माझ्या सेवाभावावर भाषण केलं. ते लांबायला लागलं तसा मी त्यांना अजून एक तांब्या पाजला.

यंदा होळीच्या आधीची बैठक कुकरसाठी होती. कुकर म्हणजे हळद वाफेवर शिजवायचं यंत्र, ट्रॅक्टरमागं बांधून शेतोशेती नेतात. गटाचा एकच आहे. उद्या पहिल्यांदा कुणाकडं जाणार, एवढंच ठरवायचं होतं. गटातल्याच तांड्यावरच्या एका बाईची हळद काढून रानात ढीग लागला होता, ती समोरच बसली होती. नवरा न्हाई, लेकरं लहान. काढलेली हळद ताटकळली की बिघडते, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं.

माझी हळद अजून जमिनीतच होती. पन कुकर पहिला अध्यक्षाच्या वावरात फिरावा, असं मला वाटत होतं. त्यात काय चुकलं?

सरळ मागणं बरं दिसत न्हाई, म्हणून मी जरा मागून सुरुवात केली. आमच्या बापानं हळद शिजवायला लोखंडी कढई कशी आणली, बैलगाडीचं चाक कसं मोडलं, सरपण कुठून तोडलं, पहिल्या घाण्याला धूर कुणाच्या डोळ्यात गेला. कंडक्टर जांभई देऊन राहिला होता. मी म्हणलं, असू दे, माणसाला आपला इतिहास माहीत पाहिजे.

बाई उठली. मला वाटलं, कंटाळून घरी चालली. ती माझ्या खुर्चीमागून फिरली, माठातून तांब्या भरला आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला.

“बाबा, घसा सुकला असंल तुमचा.”

गुरुजी खोकले. तो खोकला नव्हता.

“मला तहान न्हाई, बाई.”

“काहून? माझ्या हातचं चालत न्हाई व्हय?”

आता बोला! मी तांब्या घेतला, मान मागं टाकली. पाणी घशात पडायला लागलं आणि कानात तिचा आवाज आला, “माझी हळद रानात पडून हाय. कुकर उद्या तांड्यावर पाठवा. कुणाची हरकत असंल तर बोला.”

“आपली काही न्हाई,” कंडक्टर म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो एका वाक्यात थांबला.

“अध्यक्षांचं काय?” गुरुजींनी विचारलं. लबाड माणूस! मी पीत होतो हे त्यांना दिसत होतं.

मी पीतच राहिलो. तांब्या रिकामा होईपर्यंत मला विचार करायला सवड होती आणि मी ती पुरी वापरली. मग मिशा पुसल्या, तांब्या पालथा ठेवला आणि आवाज चढवून म्हणलं, “ठरलं! पहिला नंबर तांड्याचा. मी आधीच ठरवून आलो होतो, तुमीच मधी बोलून राहिले.”

दुसऱ्या दिवशी तांड्याकडून वाफ निघताना माझ्या बांधावरून दिसली. हळद चांगली शिजली, असं लोक सांगतात. निर्णय बराबर होता, आणि तो माझा होता.

पुढच्या बैठकीला मी माठ उचलून माझ्या पायाशी, खुर्चीखाली घेतला. तिथवर कुणाचा हात पोचणं शक्य न्हाई. बाई आली, जयभीम केला, समोर बसली आणि पिशवीतून घरची पाण्याची बाटली काढून मांडीवर ठेवली.

त्या दिवशी मी थोडक्यात बोललो.