रजेवर आलेले काका

माझ्या वडलांचा आवाज असा की ते जेवताना ‘मीठ’ म्हणाले तर शेजारची ड्रायव्हरकाकू मिठाचा डबा घेऊन दारात उभी राहायची. उगाच वाढवून सांगत नाही, एकदा खरंच आली होती. त्यात त्यांचा काय दोष? सैन्यात गाड्या दुरुस्त करायचं काम. ट्रकखाली उताणं पडायचं, नाकासमोर इंजिन धडधडतंय, आणि त्या गदारोळात मदतनिसाकडे पाना मागायचा. तिथे हळू बोलून कोणाला ऐकू जाणार? तोच आवाज घेऊन ते घरी यायचे. नखांत काळं ग्रीस असायचं, कोपरापर्यंत साबण घासला तरी अंगाला डिझेलचा वास यायचा. मला तो वास फार आवडायचा. आजही पेट्रोल पंपावर मी गाडीची काच मुद्दाम खाली करते आणि माझा नवरा म्हणतो, हिचं डोकं तपासून घ्यायला पाहिजे. बाबा आता निवृत्त होऊन घरी बसलेत, कानांनी कमी ऐकू येतं, त्यामुळे आवाज आणखीच चढलाय. पण मी सांगतेय ती गोष्ट मी तिसरीत होते तेव्हाची.

मी थोरली. ऊठसूट हुकूम सोडायची सवय, म्हणून बाबा मला ‘मेजर’ म्हणायचे. धाकटी ‘बटण’. जन्मली तेव्हा इतकी चिमुकली होती की बाबा म्हणाले, ही तर माझ्या वर्दीच्या खिशात हरवेल. तेव्हा नाव पडलं ते पडलंच. ती पाळण्यात असतानाच बाबांची बदली सीमेवर झाली. तिथे बायकापोरांना नेता येत नाही. मग आई आणि आम्ही दोघी छावणीतच राहिलो, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. लोखंडी खाटा सरकारी, टेबल सरकारी, खुर्च्याही सरकारी, आणि त्यांच्या पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर टाकलेले. मध्ये एकदा बाबा उभ्या उभ्या येऊन गेले, पण तेव्हा बटण तापानं फणफणलेली. तिनं डोळेसुद्धा उघडले नाहीत.

पोर बापाला विसरेल, याची आईनं धास्तीच घेतली होती. म्हणून तिनं एक युक्ती काढली. बाहेरच्या खोलीत बाबांचा फोटो होता. कडक इस्त्रीची वर्दी, टोपी, चेहरा गुळगुळीत, छाती पुढे. आई रोज संध्याकाळी बटणला कडेवर घेऊन त्याच्यासमोर उभी राहायची. “हे कोण? बाबा. बाबांना सांग बघू, आज काय काय केलं?” आणि बटण सांगायची. काय काय सांगायची, बाई! ताईनं माझा खडू मोडला. दूध मी नाही सांडलं, मांजरानं सांडलं. आमच्या घरात मांजर नव्हतं. पण फोटो मध्येच टोकत नाही, ओरडत नाही, ‘खोटं बोलू नकोस’ म्हणत नाही. दोघांचं छान मेतकूट जमलं होतं.

बाकी वर्दीतला जो दिसेल तो काका. फाटकावरचे काका, पाण्याचा टँकर आणणारे काका, दवाखान्यात सुई टोचणारे दुष्ट काका. छावणीतली सगळीच पोरं असं म्हणायची. काका आमच्याकडे ढिगानं होते.

आणि मग बाबांना मोठी रजा मिळाली.

दुपारची वेळ. आई कपडे वाळत घालत होती. फाटकाकडून एक माणूस खांद्यावर ट्रंक घेऊन आला. साधा शर्ट, उन्हानं रापलेला चेहरा, आणि नाकाखाली ही एवढी झुपकेदार मिशी. मी ओळखलं ते चालीवरून. धूम ठोकली आणि जाऊन कमरेला मिठी मारली. आईच्या हातातलं ओलं पांघरूण मातीत पडलं. एरवी त्यावरून तिनं घर डोक्यावर घेतलं असतं, पण त्या दिवशी तिनं पांघरुणाकडे पाहिलंसुद्धा नाही.

बटण दाराआड. बाबा उकिडवे बसले, दोन्ही हात पसरले आणि आपल्या त्या आवाजात म्हणाले, “बटण!” पोरगी दचकून भिंतीला चिकटली.

“अगं, कोण आलंय बघ तरी,” आई म्हणाली. “ओळख बघू.”

बटणनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “काका.”

“काका काय गं! बाबा आहेत ते!”

बटणनं भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. “बाबा ते आहेत.” मग घरी पाहुणा आलाय हे तिच्या लक्षात आलं असावं. तिनं नंबर टाकलेली एक खुर्ची फरफटत आणली आणि म्हणाली, “काका, तुम्ही बसा. आई चहा करेल.”

बाबा खो खो हसले. हसता हसता त्यांनी आईकडे पाहिलं, आईनं त्यांच्याकडे, आणि ते हसू तिथेच विरलं. चहा मात्र झाला, आणि तो बाबांनी पाहुण्यासारखाच घेतला, खुर्चीच्या कडेवर बसून.

त्या दिवसापासून बाबांना एकच ध्यास लागला. रजा संपायच्या आत या पोरीच्या तोंडून ‘बाबा’ ऐकायचं. दुसरं त्यांना काही नको होतं. ड्रायव्हरकाकांना ते सांगत होते, “बंद पडलेलं कसलंही इंजिन आणा, चालू करून देतो. पण या पोरीपुढे मी हात टेकले राव.”

पण हात टेकणाऱ्यातले ते नव्हतेच. गळका नळ दुरुस्त केला, कुरकुरणाऱ्या दाराला तेल दिलं. बटणची तीनचाकी सायकल कित्येक दिवस दोन चाकांवर पडून होती, तिला कुठल्याशा हातगाडीचं चाक मिळवून बसवलं. सायकल एका बाजूला कलायची, पण चालायची झकास. बटण खूश. “थँक्यू, काका!” बाबांनी आपला आवाजही खाली आणला. आता ते तिच्याशी कुजबुजत बोलायचे, आणि तो धिप्पाड माणूस कुजबुजताना पाहून मला हसावं की रडावं कळेना.

संध्याकाळी फोटोपुढची हजेरी चालूच. “बाबा, आमच्याकडे ना एक काका आलेत. तुमच्या खाटेवर झोपतात. घोरतात. पण चांगले आहेत, त्यांना ओरडू नका हं.” आत स्वयंपाकघरात बाबा कपबशी हातात घेऊन उभे होते. मला असा संताप आला! वाटलं, जाऊन तिला दोन धपाटे घालावेत आणि तो फोटो माळ्यावर टाकून द्यावा.

मी सरळ बाबांना गाठलं. “बाबा, मिशी उडवा. वर्दी घाला, टोपी घाला आणि फोटोशेजारी जाऊन उभे राहा. विषय संपला.”

“नको, मेजर,” ते म्हणाले. “वर्दी घातली की आम्ही सगळे सारखेच दिसतो. तिनं मला असा ओळखायला हवं. पायजम्यातला, मिशीवाला, घोरणारा.”

“आणि मी? मी जन्मल्यापासून बाबा बाबा करतेय, माझं कधी कोणी कौतुक केलं?”

त्यांनी माझी वेणी ओढली. “वेडे, तिकडे तुझ्या त्या ‘बाबा’वरच तर दिवस काढले मी.” नाक फुगवून बसले होते, ते फुगवणंही जमेना.

हळूहळू बटण त्यांच्या अंगावर खेळायला लागली. जेवायला त्यांच्याच ताटात, फिरायला त्यांच्याच खांद्यावर, दुपारची झोप त्यांच्या पोटावर. त्यांच्या घोरण्यानं ती वरखाली व्हायची, पण उठायची नाही. ते न्हाणीघरात गेले तर दाराबाहेर बसून राहायची. “काका, आत आहात ना?” “आहे, आहे!” पुन्हा थोड्या वेळानं, “काका, आत आहात ना?” लळा म्हणावा तर इतका, आणि तोंडात शब्द मात्र ‘काका’च. आई म्हणायची, “तिला सगळं कळतंय हो. मुद्दाम करतेय. हट्टीपणा कोणाचा घेतलाय ते मी सांगायला नको.”

रजा संपत आली. एका दुपारी बाबा पायरीवर बसून सायकलच्या त्या चाकाला तेल देत होते आणि बटण त्यांना एकेक पाना देत होती. चुकीचाच पाना द्यायची, पण ते घ्यायचे. मी उंबऱ्यात अभ्यास करत होते, म्हणजे पुस्तक उघडं ठेवून कान तिकडे लावले होते.

“बटण,” बाबा म्हणाले, “खरं सांग. मी कोण आहे, ते माहितीये ना तुला?”

बटणनं खाली बघत मान हलवली. हो अशी.

“मग म्हण ना गं एकदा.”

“नाही.”

“का? मी आवडत नाही तुला?”

“आवडता.” तिनं तेलाची बाटली दोन्ही हातांनी घट्ट धरली. “पण बाबा लांब असतात. काका इथे असतात. तुम्ही काकाच व्हा ना. म्हणजे जावं लागणार नाही.”

बाबांचा हात चाकावर तसाच राहिला. तेल पायरीवर ठिबकत होतं, तेही त्यांना दिसलं नाही. माझ्या पुस्तकातल्या ओळी एकमेकींत मिसळल्या. मग ते म्हणाले, “बरं. काका तर काका.” आणि तिला मांडीवर घेऊन तिच्या केसांत तोंड खुपसून बसले. तिचे केस तेलानं माखले, त्यावरून आई दोघांनाही बोलली.

त्यानंतर त्यांनी घरात फर्मानच काढलं. कोणी तिला टोकायचं नाही. ‘काका नाही गं, बाबा म्हण’ हे बंद. आई म्हणाली, “अहो, पण तुमची एवढी इच्छा...” ते म्हणाले, “राहू दे. पोरीनं मला घरी ठेवायला तो शब्द धरून ठेवलाय. मी कसा काढून घेऊ?” आईनं डोळ्याला पदर लावला आणि आम्हाला सांगितलं की कांदा तिखट आहे. कांदा त्या दिवशी घरात नव्हता.

जायचा दिवस उजाडला. बाबांनी वर्दी चढवली, बुटाच्या नाड्या बांधल्या. बटणनं ते पाहिलं आणि गुपचूप टेबलाखाली जाऊन बसली. रडली नाही, काही नाही. बाबा खाली वाकले. “येतो मी, बटण.” ती दुसरीकडे बघत राहिली. ट्रंक उचलून ते निघाले, आणि मागे वळून बघायचं नाही म्हणून मान ताठ करून चालत गेले. शेवटी आईनं बटणला टेबलाखालून ओढून काढलं, कडेवर घेतलं, आणि आम्ही मैदानावर गेलो.

तिथे ट्रक उभा होता. मागे दोन्ही बाजूंनी बाकांवर जवान बसलेले. सगळ्यांची तीच वर्दी, तीच टोपी, त्याच ट्रंका. बाबा आत पुढे, केबिनला टेकून, आमच्याकडे पाठ करून सामानाची दोरी आवळत होते. ती दोरी आधीच आवळलेली होती. त्यांना तोंड दाखवायचं नव्हतं, एवढं मलाही कळत होतं. मला हाक मारायची होती, पण तोंड उघडलं असतं तर रडूच बाहेर पडलं असतं.

इंजिन सुरू झालं. बटणनं मान उंच केली आणि ओरडली, “काका!”

बाकांवरच्या सगळ्या काकांनी हात हलवले. भली माणसं ती. छावणीतल्या पोरानं हाक मारली तर हात करायचाच.

“तुम्ही नाही! काका! अहो काका!”

पुन्हा सगळे हात हलले. एकानं तर तिला सलामही ठोकला. आमचे काका मात्र दोरीच आवळत होते. ट्रक हलला. बटणचा चेहरा लालबुंद झाला. ती आईच्या कडेवरून इतकी पुढे झुकली की आईनं तिला दोन्ही हातांनी धरलं.

“बाबा!”

ट्रकमधलं हसणंबोलणं एकदम थांबलं. एकूण एक माणसानं मान वळवली. ज्यांची पोरं मैदानावर होती त्यांनी वळवली, आणि ज्यांची पोरं कुठल्या कुठे लांब होती त्यांनीही. एक मिसरूड फुटलेला पोरगा तेवढा इकडेतिकडे बघत राहिला. आणि त्या सगळ्यांच्या गुडघ्यांवरून, ट्रंकांवरून, बुटांवरून धडपडत आमचे बाबा मागच्या फळीपर्यंत आले.

“इथे आहे मी!” ते ओरडत होते. “बटण, इथे आहे! हा बघ, इथे आहे मी!” दोन जणांनी त्यांचा पट्टा मागून धरून ठेवला होता, नाहीतर पडलेच असते. ट्रक फाटकातून बाहेर पडला, वळला, तरी ‘इथे आहे’ ऐकू येतच होतं.

मग धूळ बसली. आई तिथेच दगडावर बसली. बटण तिच्या गळ्यात तोंड खुपसून हमसत होती. माझाही बांध फुटला होता, आणि मला रडू आलं की आधी राग येतो. मी तिच्या अंगावर खेकसलेच, “एवढे दिवस म्हणायला काय झालं होतं गं तुला?”

तिनं तोंड वर केलं. सगळं तोंड शेंबडानं आणि आसवांनी माखलेलं.

“तेव्हा ते घरी होते,” ती म्हणाली.